सूक्ष्मतरंग तापन, आयनद्रायूचे

अणुकेंद्रीय संघटनाच्या प्रयोगांत आयनद्रायू कोट्यवधी अंश तापमानापर्यंत तापविण्यासाठी त्यात उच्च शक्तीचे सूक्ष्मतरंग सोडण्याची पद्धत. आयनद्रायू म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले आहेत असा, मुक्त इलेक्ट्रॉन व धन आयन (विद्युत् भारित अणू) यांचा मिळून बनलेला वायू होय. यास प्लाझ्मा असेही म्हणतात [⟶ आयनद्रायू भौतिकी]. सूक्ष्मतरंग म्हणजे सु. १ मिमी. ते ३० सेंमी. तरंगलांबीचे विद्युत् चुंबकीय तरंग होत. हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनण्याच्या क्रियेस अणुकेंद्रीय संघटन किंवा संमीलन म्हणतात. सूर्याची ऊर्जा याच क्रियेतून उत्पन्न होते. ही क्रिया पृथ्वीवर नियंत्रित रीत्या घडवून तिच्यापासून वीज मिळविण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. सूक्ष्मतरंगांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी आयनद्रायू केवळ तापतो असे नाही, तर उष्णता त्याच्या कोणत्या भागात सोडावयाची हेही ठरविता येते. या गुणामुळे प्रारंभी पूरक म्हणून वापरात आलेली ही पद्धत पुढे आयनद्रायूच्या नियंत्रणाचे एक प्रमुख साधन बनली.

तापनाची आवश्यकता : संघटनासाठी सर्वांत सोयीचे इंधन म्हणजे ड्यूटेरियम व ट्रिटियम (हायड्रोजनाचे अनुक्रमे २ व ३ अणुभार असलेले समस्थानिक) यांचे मिश्रण होय. दोन्ही अणुकेंद्रे धन भारित असल्याने एकमेकांस दूर लोटतात. हे प्रतिसारण ओलांडण्याइतकी गती त्यांना येण्यासाठी मिश्रणाचे तापमान १० ते १५ कोटी अंशांपर्यंत न्यावे लागते. सूर्याच्या केंद्रभागी तापमान सु. १·५ कोटी अंश आहे. तथापि तेथील प्रचंड दाब व घनता पृथ्वीवर निर्माण करता येत नसल्याने ती उणीव अधिक तापमानाने भरून काढावी लागते. इतक्या तप्त द्रव्यास कोणतेही भांडे पुरणार नाही. म्हणून ते चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने भिंतींपासून दूर कोंडून ठेवतात. यासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनांत टोकामॅक हे कंकणाकृती पात्राचे साधन सर्वांत प्रचलित आहे.

टोकामॅकमध्ये आयनद्रायूच्या कड्यातून मोठा विद्युत् प्रवाह वाहवितात. मध्यभागी असलेले वेटोळे रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याचे व आयनद्रायूचे कडे दुय्यम वेटोळ्याचे कार्य करते. विजेच्या शेगडीतील तार तिच्या रोधामुळे तापते त्याचप्रमाणे आयनद्रायूही या प्रवाहाने तापतो. परंतु येथे एक अडचण उद्भवते. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो; उलट आयनद्रायूचा रोध तापमानाबरोबर झपाट्याने घटतो. तापमान चौपट झाल्यास रोध एक अष्टमांश होतो. त्यामुळे एक-दोन कोटी अंशांच्या पुढे ही पद्धत निरुपयोगी ठरू लागते. उरलेला पल्ला गाठण्यासाठी बाहेरून ऊर्जा पुरविणे भाग पडते. त्यासाठी वेगवान उदासीन अणूंची शलाका आत सोडणे आणि विद्युत् चुंबकीय तरंग सोडणे या दोन मुख्य पद्धती आहेत. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या पद्धतीचा, व तीतही मुख्यत्वे सूक्ष्मतरंगांचा विचार केला आहे.

तत्त्व : घरगुती सूक्ष्मतरंग भट्टीत २·४५ गिगॅहर्ट्‌झ (१ गिगॅहर्ट्‌झ = दर सेकंदास १ अब्ज कंपने) कंप्रतेचे तरंग वापरतात. अन्नातील पाण्याचे रेणू बदलत्या विद्युत् क्षेत्रानुसार वळू पाहतात व त्यांच्या परस्परांवरील घर्षणासारख्या क्रियेने उष्णता निर्माण होते. ही कंप्रता पाण्याच्या रेणूच्या एखाद्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळते हा समज बरोबर नाही. तेथे अनुस्पंदन नसते. आयनद्रायूच्या तापनाचा मात्र पायाच अनुस्पंदन हा आहे.

चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती वर्तुळाकार फिरत असतो. दर सेकंदास होणाऱ्या त्याच्या फेऱ्यांची संख्या, म्हणजे परिभ्रमण कंप्रता, त्याच्या गतीवर अवलंबून नसून (गती प्रकाशवेगाच्या मानाने अल्प असेल तोपर्यंत) केवळ चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते. दर टेस्लामागे ती सु. २८ गिगॅहर्ट्‌झ भरते. नेमक्या याच कंप्रतेचा तरंग आत सोडला, तर त्याचे विद्युत् क्षेत्र इलेक्ट्रॉनाच्या प्रत्येक फेरीत त्याला योग्य क्षणी ढकलत राहते. झोपाळ्याला त्याच्या हेलकाव्याच्या तालात हलकेच धक्का देत गेल्यास झोका चढत जातो, त्यासारखाच हा प्रकार आहे. ताल चुकल्यास धक्के वाया जातात. इलेक्ट्रॉनाला अशा रीतीने मिळालेली ऊर्जा टकरींद्वारे इतर इलेक्ट्रॉनांत व त्यांच्याकडून सावकाश आयनांत वाटली जाते. या पद्धतीस इलेक्ट्रॉन परिभ्रमण अनुस्पंदन तापन म्हणतात. कंप्रतेच्या दुपटीवरही असेच शोषण होते व अनेक प्रयोगांत त्याचाच उपयोग करतात.

टोकामॅकमधील चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसते. कंकणाच्या मध्य अक्षापासून जसजसे दूर जावे तसतसे ते अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते. गांधीनगर येथील एसएसटी-१ या टोकामॅकचे उदाहरण घेता येईल. त्याच्या कड्याची प्रमुख त्रिज्या १·१ मी. व छेदाची त्रिज्या ०·२ मी. आहे. मध्यभागी क्षेत्र १·५ टेस्ला ठेवल्यास आतल्या कडेला ते सु. १·८३ टेस्ला व बाहेरच्या कडेला सु. १·२७ टेस्ला असते. म्हणजेच इलेक्ट्रॉनांची परिभ्रमण कंप्रता आतून बाहेर सु. ५१ गिगॅहर्ट्‌झपासून ३५·५ गिगॅहर्ट्‌झपर्यंत उतरत जाते. ४२ गिगॅहर्ट्‌झचा तरंग आत सोडल्यास तो बाकी भागातून जवळजवळ अबाधित जाईल आणि मध्यभागी, जेथे क्षेत्र बरोबर १·५ टेस्ला आहे तेथे, काही सेंमी. जाडीच्या उभ्या पट्ट्यातच शोषला जाईल. मुख्य क्षेत्र १·४ टेस्लावर आणल्यास हाच पट्टा सु. ७ सेंमी. आत सरकेल. उष्णतेची जागा निवडता येते ती अशी.

घनतेची मर्यादा : आयनद्रायूतील इलेक्ट्रॉनांची घनता एका ठराविक मर्यादेबाहेर गेली की तरंग आत न शिरता परावर्तित होतो. आकाशवाणीच्या लघुतरंगांचे आयनांबरावरून होणारे परावर्तन याच कारणाने घडते [⟶ आयनांबर]. कंप्रता जितकी अधिक तितकी ही मर्यादा, कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात, वर जाते. ४२ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगासाठी ती दर घन मी.मध्ये सु. २२ अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन इतकी, तर १७० गिगॅहर्ट्‌झच्या तरंगासाठी सु. ३६० अब्ज अब्ज इतकी येते. ही संख्या मोठी दिसली, तरी नेहमीच्या हवेतील रेणूंच्या घनतेच्या मानाने ती फार थोडी आहे. भावी वीज केंद्रांना लागणारी घनता १०० अब्ज अब्जांच्या आसपास असल्याने त्यांना उच्च कंप्रता व म्हणून तीव्र चुंबकीय क्षेत्र यांवाचून गत्यंतर नाही. घनता अतिशय कमी असेल, तर उलट अडचण येते : टकरी क्वचित होत असल्याने इलेक्ट्रॉन तापतात, परंतु आयन मात्र मागे राहतात आणि संघटन तर आयनांमध्येच घडावयाचे असते.

इतिहास : ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी जहांगीर भाभा तिचे अध्यक्ष होते. आगामी दोन दशकांत संघटनापासून नियंत्रित रीत्या ऊर्जा मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. तोवर गुप्तपणे चाललेले हे संशोधन १९५८ च्या दुसऱ्या जिनीव्हा परिषदेत खुले झाले. १९६८ मध्ये सोव्हिएट संघातील टी-३ या टोकामॅकवरील तापमानाचे आकडे प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या एका गटाने मॉस्कोस जाऊन स्वतःच्या उपकरणांनी ते पडताळून पाहिले. त्यानंतर जगभर टोकामॅक उभारले जाऊ लागले आणि विद्युत् प्रवाहाने होणाऱ्या तापनाची मर्यादाही सर्वत्र जाणवू लागली.

अनुस्पंदनाचे तत्त्व पूर्वीपासून ज्ञात होते. उणीव होती ती पुरेशा शक्तीच्या उगमाची. रडारसाठी विकसित झालेल्या मॅग्नेट्रॉन व क्लिस्ट्रॉन या नलिकांतील पोकळ्यांचा आकार तरंगलांबीएवढाच असावा लागतो. काही मिमी. तरंगलांबीसाठी या पोकळ्या इतक्या लहान होतात की, मोठी शक्ती त्यांतून नेल्यास त्या वितळून जातील. सोव्हिएट संघातील गॉर्की (आताचे नीझ्नी नॉव्हगोरॉड) येथील शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात जायरोट्रॉन ही नलिका विकसित करून ही अडचण दूर केली. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मॉस्को येथील टीएम-३ टोकामॅकवर या पद्धतीने आयनद्रायू तापविण्यात आला. १९७८ मध्ये नेथॅनिएल फिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तरंगांच्या साहाय्याने आयनद्रायूत अखंड विद्युत् प्रवाह वाहविता येईल, असे सैद्धांतिक रीत्या दाखविले. त्यामुळे या तंत्राचे क्षेत्र विस्तारले.

जायरोट्रॉन : या नलिकेत परिभ्रमण अनुस्पंदन उलट दिशेने वापरले जाते. आयनद्रायूत तरंग इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देतो. येथे फिरणारे इलेक्ट्रॉन तरंगाला ऊर्जा देतात. तप्त कंकणाकृती ऋणाग्रापासून निघालेले इलेक्ट्रॉन सु. ८० हजार व्होल्ट वर्चसाने वेग घेतात व अतिसंवाहक चुंबकाच्या तीव्र क्षेत्रातून मळसूत्राकार फिरत पुढे जातात. १ मेवॉ. उत्पादनासाठी इलेक्ट्रॉनांच्या शलाकेचा प्रवाह सु. ४० ते ५० अँपिअर असावा लागतो. या वेगाला सापेक्षतेचा परिणाम जाणवू लागतो : ज्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाढते त्याचे वस्तुमान किंचित वाढून तो सावकाश फिरतो व ज्याची घटते तो जलद फिरतो. याचा परिणाम म्हणून प्रारंभी वर्तुळावर सर्वत्र विखुरलेले इलेक्ट्रॉन हळूहळू एका बाजूस गोळा होतात आणि एकाच तालात तरंगाला ऊर्जा देऊ लागतात. उत्पन्न होणाऱ्या तरंगाची कंप्रता पोकळीच्या लहानपणावर नव्हे, तर मुख्यतः चुंबकीय क्षेत्रावर ठरत असल्याने पोकळी तरंगलांबीच्या अनेक पट रुंद ठेवता येते. जायरोट्रॉनचे सारे सामर्थ्य यात आहे. १७० गिगॅहर्ट्‌झच्या नलिकेस साधारणपणे ६·५ ते ७ टेस्ला क्षेत्र लागते.

पोकळीत निर्माण झालेल्या तरंगाचा आकृतिबंध गुंतागुंतीचा असतो. नलिकेतीलच विशिष्ट आकाराच्या आरशांनी त्याची सरळ, बारीक शलाका बनवितात. ऊर्जा देऊन झालेले इलेक्ट्रॉन संग्राहकावर आदळतात. संग्राहकाला योग्य विरोधी वर्चस दिल्यास त्यांची उरलेली ऊर्जा काही अंशी परत मिळते व नलिकेची कार्यक्षमता सु. ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत वाढते. तरीही दर मेवॉ. तरंगशक्तीमागे जवळजवळ तितकीच उष्णता संग्राहकात व नलिकेच्या भिंतींत जमा होत असल्याने पाण्याचा जोरदार प्रवाह खेळता ठेवावा लागतो आणि इलेक्ट्रॉनांची शलाका एकाच जागी पडू नये म्हणून ती चुंबकाने सतत फिरवीत ठेवावी लागते.

दीर्घकाळ अडलेला भाग म्हणजे खिडकी. नलिकेच्या आत निर्वात असते; तरंग मात्र बाहेर यावयास हवा. १ मेवॉ. शक्तीची शलाका आरपार जाऊ देईल, शोषलेली थोडी उष्णताही तत्काळ कडेला पोहोचवील आणि निर्वातही राखील, असा पदार्थ फार काळ मिळत नव्हता. पूर्वीच्या मृत्तिका खिडक्या काही सेकंदांत तडकण्याइतक्या तापत. वायूच्या निक्षेपणाने प्रयोगशाळेत वाढविलेल्या कृत्रिम हिऱ्याने हा प्रश्न सोडविला. हिऱ्याची उष्णता संवाहकता तांब्याच्या सु. पाचपट आहे. सु. १० सेंमी. व्यासाची व २ मिमी.पेक्षा कमी जाडीची हिऱ्याची चकती, कडेने पाण्याने थंड ठेवल्यास, ही शलाका अखंडपणे जाऊ देते. जायरोट्रॉन काही सेकंदांऐवजी मिनिटेच्या मिनिटे चालू लागले ते यानंतरच.

तरंगांचे वहन व प्रक्षेपण : जायरोट्रॉन टोकामॅकपासून दूर, बहुधा वेगळ्या दालनात ठेवतात, कारण टोकामॅकच्या चुंबकीय क्षेत्राने त्यातील इलेक्ट्रॉनांचा मार्ग बिघडू शकतो. तेथून तरंग धातूच्या तरंग मार्गदर्शकातून, म्हणजे पोकळ नळीतून, नेतात. नळीच्या आतील पृष्ठावर बारीक आडव्या खाचा पाडल्यास तरंगाचा भिंतींशी संबंध अत्यल्प राहून ऱ्हास फार कमी होतो. जर्मनीतील ग्राइफ्सव्हाल्ट येथील व्हेंडेलष्टाइन ७-एक्स या साधनात नळ्यांऐवजी आरशांच्या मालिकेने शलाका नेल्या आहेत. शेवटी एका हलत्या आरशाने शलाका आयनद्रायूच्या इष्ट भागावर रोखतात. तरंगाच्या विद्युत् क्षेत्राची दिशाही शोषणासाठी योग्य असावी लागते. ती खाचा पाडलेल्या फिरत्या आरशांनी साधतात.

मार्गात कोठे ठिणगी पडली, तर काही मायक्रोसेकंदांत विद्युत् पुरवठा तोडावा लागतो. नलिकेत सोडली जाणारी ऊर्जा अशा वेळी सु. १० जूलपेक्षा अधिक असू नये, अशी दक्षता घेतात. अन्यथा अतिशय खर्चिक नलिका क्षणार्धात निकामी होऊ शकते. आयनद्रायूत न शोषली गेलेली शक्ती पात्रात इतस्ततः परावर्तित होऊन मापन उपकरणांना इजा करते, म्हणून शोषणाचे प्रमाण सतत पाहावे लागते. उच्च वर्चसामुळे नलिकेतून क्ष-किरणही बाहेर पडतात व त्यांसाठी शिशाचे आवरण योजावे लागते.

निम्न संकरित तरंग : इलेक्ट्रॉनांच्या व आयनांच्या परिभ्रमण कंप्रतांच्या दरम्यान, साधारणपणे १ ते ८ गिगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात, आणखी एका प्रकारचे तरंग आयनद्रायूत प्रवास करू शकतात. त्यांना निम्न संकरित तरंग म्हणतात. यांचा उगम क्लिस्ट्रॉन हा असतो. अनेक आयताकृती तरंग मार्गदर्शकांची तोंडे एकाशेजारी एक मांडून व प्रत्येकातील तरंगाची कला थोडीथोडी मागेपुढे ठेवून कंकणाच्या लांबीच्या दिशेने पुढे सरकणारा तरंग निर्माण करतात. समुद्राची लाट फळीला आपल्याबरोबर ओढून नेते त्याप्रमाणे हा तरंग वेगवान इलेक्ट्रॉनांना पुढे रेटतो व त्यांपासून विद्युत् प्रवाह मिळतो. प्रवाह निर्मितीत ही पद्धत सर्वांत कार्यक्षम आहे. तिचा दोष असा की, हे तरंग निर्वातातून जाऊ शकत नाहीत. त्यामुळे मार्गदर्शकांची तोंडे आयनद्रायूच्या अगदी कडेला न्यावी लागतात व तेथील उष्णता त्यांना सोसावी लागते. इलेक्ट्रॉन परिभ्रमण तरंगांच्या बाबतीत ही अडचण नाही. त्यांचा आरसा आयनद्रायूपासून दूर राहू शकतो.

आयनांच्या परिभ्रमण कंप्रतेवर आधारलेली तिसरी पद्धतही प्रचारात आहे. आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा हजारो पट जड असल्याने ही कंप्रता काही कोटी हर्ट्‌झ, म्हणजे रेडिओ तरंगांच्या पट्ट्यात येते. ते तरंग सूक्ष्मतरंग नव्हेत.

उपयोग : (१) आयनद्रायूचा प्रारंभ : अतिसंवाहक वेटोळी असलेल्या टोकामॅकमध्ये विद्युत् प्रवाह जलद बदलता येत नसल्याने वायूचे आयनीभवन करण्यास पुरेसे विद्युत् क्षेत्र मिळत नाही. सूक्ष्मतरंगांनी वायूचे आधीच आयनीभवन केल्यास ही उणीव भरून निघते. (२) तापन : तारकित्र या प्रकारच्या साधनांत आयनद्रायूतून प्रवाह वाहवीतच नाहीत; तेथे आयनद्रायूची निर्मिती व तापन ही दोन्ही कार्ये सूक्ष्मतरंग करतात. व्हेंडेलष्टाइन ७-एक्स हे याच प्रकारचे साधन असून त्यात १४० गिगॅहर्ट्‌झचे जायरोट्रॉन वापरतात. १० डिसेंबर २०१५ रोजी १·८ मेवॉ. सूक्ष्मतरंगांच्या स्पंदाने त्यात पहिला आयनद्रायू निर्माण झाला. तो एक दशांश सेकंद टिकला व त्याचे तापमान सु. १० लक्ष °से. होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच साधनात आठ मिनिटे आयनद्रायू टिकवून १·३ अब्ज जूल ऊर्जा पुरविण्यात आली. घरगुती विजेच्या हिशेबाने ही सु. ३६० एकके होतात. (३) प्रवाह चालविणे : रोहित्राच्या तत्त्वाने वाहणारा प्रवाह अल्पकाळच टिकतो. तो अखंड ठेवावयाचा तर तरंगांचे साहाय्य हवे. फ्रान्समधील कादाराश येथील वेस्ट या टोकामॅकमध्ये १२ फेब्रुवारी २०२५ रोजी आयनद्रायू १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळ टिकविण्यात आला. त्यासाठी २ मेवॉ. तरंगशक्ती वापरली होती. (४) अस्थैर्याचे नियंत्रण : आयनद्रायूत काही ठिकाणी चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून व पुन्हा जुळून बेटांसारखे बंदिस्त भाग तयार होतात. ते वाढल्यास उष्णता बाहेर निसटते व शेवटी आयनद्रायू एकाएकी विझून साधनावर मोठा आघात होतो. बेटाच्या नेमक्या जागी सूक्ष्मतरंगांची शलाका रोखून तेथे थोडा प्रवाह निर्माण केल्यास बेट आकसते. हे २००० सालाच्या सुमारास जर्मनी, अमेरिका व जपान येथील टोकामॅकवर प्रत्यक्ष दाखविण्यात आले. ही शस्त्रक्रियेसारखी अचूकता अन्य कोणत्याही तापन पद्धतीत नाही. (५) अशुद्धींचे निवारण : भिंतीपासून सुटलेले टंगस्टन आयनद्रायूच्या मध्यभागी साचल्यास ते प्रारणाने उष्णता बाहेर घालविते. मध्यभाग सूक्ष्मतरंगांनी तापविल्यास हा साठा रोखता येतो.

ऊर्जेचा ताळेबंद : संघटनाच्या प्रयोगांविषयीच्या वृत्तांत दिलेले आकडे पुष्कळदा गैरसमज निर्माण करतात. फ्रान्समध्ये भारतासह अनेक राष्ट्रांच्या सहकार्याने उभारल्या जात असलेल्या ईटर या टोकामॅकचे उद्दिष्ट, आयनद्रायूत ५० मेवॉ. तापनशक्ती सोडून ५०० मेवॉ. संघटनशक्ती मिळविण्याचे आहे. हा दसपट लाभ आयनद्रायूपुरता आहे. जायरोट्रॉनची कार्यक्षमता ५० टक्के धरली व वाटेतील ऱ्हास १० ते १५ टक्के धरला, तर ५० मेवॉ. आयनद्रायूपर्यंत पोहोचविण्यास ११० ते १२० मेवॉ. वीज खर्च होते. दुसऱ्या बाजूस मिळालेल्या ५०० मेवॉ. व परत आलेल्या ५० मेवॉ. उष्णतेचे विजेत रूपांतर केले (ईटरमध्ये तशी योजनाच नाही) व एक तृतीयांश कार्यक्षमता धरली, तर सु. १८० मेवॉ. वीज हाती येईल. त्यातून तापनाचा खर्च वजा जाता ६० ते ७० मेवॉ. उरतात आणि शीतकरण, निर्वात पंप व चुंबक यांचा खर्च अद्याप वजा करावयाचाच असतो. तुलनेसाठी पाहता सोलापूरजवळील औष्णिक वीज केंद्राच्या दोन संचांपैकी प्रत्येकाची क्षमता ६६० मेवॉ. आहे.

यावरून वीज केंद्र व्यवहार्य होण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, संघटनातून निर्माण होणाऱ्या हीलियमाच्या अणुकेंद्रांनीच आयनद्रायूचे बहुतांश तापन केले पाहिजे. संघटनशक्तीचा एक पंचमांश भाग या अणुकेंद्रांबरोबर येतो. ईटरमध्ये तो १०० मेवॉ., म्हणजे बाहेरून दिलेल्या शक्तीच्या दुप्पट असेल. दुसरी, तरंगांच्या उगमाची कार्यक्षमता वाढली पाहिजे. म्हणून नलिकेच्या कार्यक्षमतेतील प्रत्येक टक्क्याला महत्त्व आहे. आवश्यक तापमान गाठणे आता दुष्कर राहिलेले नाही. ते परवडणाऱ्या खर्चात टिकविणे हा खरा प्रश्न आहे. भाभांचे भाकीत वेळेच्या बाबतीत चुकले ते मुख्यतः याच ठिकाणी.

भारतातील कार्य : भारतात १९८२ मध्ये अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आयनद्रायू भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८६ मध्ये त्यातून प्लाझ्मा संशोधन संस्था ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली. ती गांधीनगरजवळ भाट येथे आहे. देशात बनविलेला आदित्य हा टोकामॅक तेथे १९८९ मध्ये कार्यान्वित झाला व २०१६ मध्ये त्याचे नूतनीकरण करण्यात आले. अतिसंवाहक वेटोळी असलेल्या एसएसटी-१ मध्ये २०१३ साली पहिला आयनद्रायू मिळाला. या साधनाचे आयनीभवन सुलभ करण्यासाठी ४२ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा व ५०० किवॉ. शक्तीचा जायरोट्रॉन वापरला. १·५ टेस्ला क्षेत्रात तो मूळ परिभ्रमण कंप्रतेवर व ०·७५ टेस्ला क्षेत्रात तिच्या दुपटीवर कार्य करतो. ८२·६ गिगॅहर्ट्‌झचा आणखी एक जायरोट्रॉन व निम्न संकरित तरंगांसाठी ३·७ गिगॅहर्ट्‌झचे क्लिस्ट्रॉन यांचीही तेथे योजना आहे.

हे जायरोट्रॉन रशियातून आणलेले आहेत. मेगॅवॉट शक्तीच्या या नलिका जगात मोजक्याच देशांत तयार होतात. त्या स्वदेशी बनविण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सूक्ष्मतरंग साधनांसाठी एक खास विभाग स्थापन झाला होता. त्यातून १९८४ मध्ये समीर या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था निर्माण झाली. तिचे मुख्य केंद्र पवई येथे आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी लागणारे रेषीय वेगवर्धक, ज्यांत सूक्ष्मतरंगांनीच इलेक्ट्रॉनांना वेग देतात, या संस्थेने विकसित केले आहेत. ४२ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा व २०० किवॉ. शक्तीचा जायरोट्रॉन विकसित करण्याचा जो राष्ट्रीय प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यात पिलानी येथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्था, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, बनारस हिंदू विद्यापीठ व रूडकीची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्याबरोबर समीर ही संस्थाही सहभागी होती. ऋणाग्र, चुंबक, पोकळी, खिडकी व संग्राहक यांपैकी एकही भाग सदोष असल्यास नलिका चालत नसल्याने असे कार्य एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचे असते.

ईटर प्रकल्पात भारत २००५ च्या अखेरीस सहभागी झाला. मूळ वाटणीनुसार १७० गिगॅहर्ट्‌झ व १ मेवॉ.चे दोन जायरोट्रॉन, तसेच आयनांच्या तापनासाठी लागणारे रेडिओ तरंगांचे उगम पुरविणे भारताकडे आले. ईटरच्या मूळ आराखड्यात इलेक्ट्रॉन परिभ्रमण तापनाची शक्ती २० मेवॉ. होती. २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित योजनेत आतील भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनाची करण्याचे ठरले व या पद्धतीचा वाटा बराच वाढविण्यात आला. त्यामुळे कार्यक्षम, दीर्घकाळ चालणारे व देशातच बनणारे जायरोट्रॉन यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक झाले आहे. मृत्तिका पदार्थांचे तापन, कृत्रिम हिऱ्यांची निर्मिती व रेणूंचा वर्णपटीय अभ्यास यांतही अशा नलिकांचा उपयोग होत असल्याने त्यांवरील संशोधनाचा लाभ संघटनापुरता मर्यादित नाही.